पोंग्यातली अळी नेमकी कोणती? टीवायच्या पोरांचं बारकोडिंग, सगळ्या भानगडींसकट

अमळनेर तालुक्यात बोरीकाठच्या एका शिवारातला हा मका. खरिपाचा, जूनअखेरची पेरणी, काळी जमीन, एका बाजूला कपाशी आणि बांधाकडेला थोडी ज्वारी. मालक म्हणजे आमच्या टीवाय बीएस्सी झूलॉजीच्या एका पोरीचे मोठे काका, त्यांना सगळे नाना म्हणतात. मका गुडघ्याला लागला आणि पानांवर पांढरे पापुद्रे दिसायला लागले, पोंग्यात, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, भुशासारखी ओली विष्ठा, पान उलगडलं की एका रांगेत भोकं. नानांनी एक फवारणी मारली, थोडे दिवस बरं वाटलं आणि परत बारक्या अळ्या. मग जे होतं तेच झालं. दुकानदार म्हणे अमेरिकन लष्करी, शेजारचा म्हणे ही कपाशीवरची हिरवी बोंडअळी, रान बदललं फक्त, तिसरा म्हणे खोडकिडा आहे, शेंडा ओढून बघा. आणि तिघांची औषधं तीन.

पोरीनं अळ्या डबीत भरून लॅबला आणल्या. मोठ्या अळ्यांबद्दल वाद नव्हताच, डोक्यावर उलटा वाय आणि पोटाच्या आठव्या खंडावर चौकोनात मांडल्यासारखे चार काळे ठिपके, हे बघितलं की स्पोडोप्टेरा फ्रुगिपर्डा, म्हणजे अमेरिकन लष्करी अळी. भिंगही लागत नाही. अडचण बारक्यांची. अंड्यातून निघून दोनतीन दिवस झालेली अळी दोनेक मिलिमीटरची, फिकट अंग आणि काळं डोकं, आणि या वयात लष्करी काय, बोंडअळी काय, तंबाखूवरची पानं खाणारी काय, सगळ्या एकीला झाकावी आणि दुसरीला काढावी. आणि खरी गोची इथेच आहे, कारण फवारणीचा उपयोग होतो तो याच वयात, अळी मोठी होऊन पोंग्यात विष्ठेचं बूच मारून बसली की औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणजे ओळख पटते तेव्हा उशीर झालेला असतो, आणि उपाय करायची वेळ असते तेव्हा ओळख पटत नाही. टीवायच्या ग्रुपला प्रोजेक्ट हवाच होता, म्हटलं हाच घ्या.

ही अळी मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण भागातली. 2016 मधे आफ्रिकेत सापडली, 2018 च्या मे महिन्यात कर्नाटकात शिवमोग्याकडे मक्यावर दिसली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. तेव्हापासून खान्देशात मका पेरला की ती गृहीत धरायची अशी परिस्थिती. पण गृहीत धरणं वेगळं आणि माहीत असणं वेगळं, असं मी पोरांना म्हटलं तर नाना बांधावरून अहिराणीत म्हणाले, "नाव काढीसन काय करानं? काय फवारानं ते सांगा." त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, फक्त उत्तराच्या आधी नाव लागतंच.

आता बारकोडिंग म्हणजे काय ते थोडक्यात. प्राण्यांच्या मायटोकॉन्ड्रियात सायटोक्रोम सी ऑक्सिडेझ सबयुनिट वन नावाचा जीन असतो, बोलताना सगळे सीओआय म्हणतात. त्यातला 658 बेसचा, म्हणजे डीएनएच्या 658 अक्षरांचा, एक ठरावीक तुकडा वाचायचा आणि जगभरच्या साठ्याशी जुळवायचा. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट यांच्या टीमनं 2003 मधे ही कल्पना मांडली. एका जातीच्या आतल्या आत हा तुकडा फार बदलत नाही आणि दोन जातींमधे बऱ्यापैकी बदलतो, त्या फटीवर सगळा खेळ. पतंग-फुलपाखरांत ही पद्धत चांगली चालते. 2004 मधे याच टीमनं कोस्टारिकातल्या एका फुलपाखराचे नमुने वाचले आणि एकच जात समजत होते तिच्यात दहा निघाल्या, हे सांगितल्यावर वर्गातल्या मागच्या बाकाचे पण कान टवकारले.

नमुने घ्यायला गेलो तेव्हा पहिली सूचना एकच, ट्यूबमधे अळी टाकायच्या आधी वहीत लिहायचं. कोणत्या झाडावर, कोणत्या भागात, झाड किती दिवसांचं, अळी काय करत होती, चपळ की सुस्त, रंग कसा, मोबाईलवर फोटो आणि लोकेशन. पोरांना हे बोअर होतं, मला माहीत आहे, त्यांना पीसीआर मशीनला (डीएनएच्या एका तुकड्याच्या भरमसाट प्रती काढणारं यंत्र) हात लावायचा असतो. पण ट्यूबवर लिहिताना पेन वापरलं की आतलं अल्कोहोल एक थेंब सांडलं तरी शाई पुसून जाते, म्हणून पेन्सिलनं लिहिलेली कागदाची चिठ्ठी आत टाकायची, हे मात्र सगळ्यांनी मनावर घेतलं कारण एका गड्याचं सकाळचं निम्मं लेबलिंग दुपारपर्यंत निळं पाणी झालं होतं. अल्कोहोल 95 टक्क्यांच्या वरचं. अळीच्या अंगात पाणी भरपूर, त्यामुळे पहिल्या दिवसानंतर ते ओतून नवीन भरावं लागतं नाहीतर पातळ होतं आणि डीएनए सडतो. म्युझियमला नमुने फॉर्मॅलिनमधे ठेवायची जुनी सवय इथे कामाची नाही, फॉर्मॅलिननं डीएनए बांधला जातो, तुटतो, मग वाचत बसा.

पोंग्यातल्या बारक्या घेतल्या, मोठ्या घेतल्या, पानामागचा केसाळ पुंजका घेतला (मादी अंड्यांवर स्वतःच्या अंगाचे खवले पसरते, त्यामुळे ते बुरशीसारखं दिसतं), बांधावरच्या ज्वारीतल्या अळ्या घेतल्या, कामगंध सापळ्यातले (मादीच्या वासानं नर ओढून घेणारा सापळा) पतंग घेतले, आणि नंतर कणसं धरली तेव्हा स्त्रीकेसरात शिरलेल्या अळ्या पण.

लॅबचं काम तसं साधं. पतंगाचा एक पाय पुरतो. अळीचं मात्र जपून, आतडं भरून हिरवा पाला असतो आणि त्यातली रसायनं पीसीआर अडवतात, त्यामुळे पोट सोडून छातीचा पाय नाहीतर डोक्यामागचा बारीक तुकडा घ्यायचा. उरलेलं शरीर फेकायचं नाही, तोच पुरावा, त्याला व्हाउचर म्हणतात, उद्या कोणी म्हणालं की तुमचा सिक्वेन्स, म्हणजे वाचलेला बेसचा क्रम, लष्करीचा नाहीच तर दाखवायला अळी हवी. एकदम बारक्या अळ्यांना हा नियम लावता येत नाही, ती अख्खीच जाते, म्हणून तिचा फोटो आधी. पतंगवर्गासाठी बनवलेले लेपएफ-वन आणि लेपआर-वन प्रायमर (हव्या त्या तुकड्याच्या दोन टोकांना चिकटणारे डीएनएचे छोटे धागे) वापरले, पहिल्या 5 सायकल 45 अंशांवर आणि पुढच्या 35 सायकल 51 अंशांवर, मधे 94 आणि 72 ठरलेलेच. वीज कधी जाईल याचा भरवसा नाही म्हणून मशीन इन्व्हर्टरवर. जेलवर (डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणारी चकती) 700 बेसच्या आसपास पट्टा दिसला आणि डीएनए न टाकलेल्या ट्यूबची रांग कोरी आली तरच पुढे जायचं, कारण सिक्वेन्सिंग बाहेरून करून घ्यावं लागतं, एकेका रिॲक्शनचे काही शे रुपये, दोन्ही बाजूंनी वाचायचं तर दुप्पट, आणि कॉलेजच्या बजेटचं वेगळं सांगायला नको. नमुने परदेशी लॅबला पाठवायचा विचार कुणी करत असेल तर आधी जैवविविधता कायदा 2002 बघून घ्या, परवानगीची भानगड आहे, देशातल्या देशात करून घेतलेलं बरं.

निकालाच्या फायली आल्या त्या संध्याकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला मेसेज, "सर सगळे सिक्वेन्स खराब आहेत, स्टॉप कोडॉन भरलेत." पारोळ्याच्या एका पोरानं वाचलं होतं की मायटोकॉन्ड्रियाच्या जीनची निकामी नक्कल कधीकधी न्यूक्लियसमधे जाऊन बसते, प्रायमर तीच उचलतात, आणि अशा नकलेत मधेच स्टॉप कोडॉन, म्हणजे प्रथिन बनवणं इथे थांबवा असे तीन बेसचे संकेत, दिसतात. वाचलेलं अगदी बरोबर. फक्त त्यानं बेसचं प्रथिनात भाषांतर करताना सॉफ्टवेअरमधे नेहमीचा जेनेटिक कोड ठेवला होता. अपृष्ठवंशी प्राण्यांच्या मायटोकॉन्ड्रियाचा कोड वेगळा, तक्ता क्रमांक 5, त्यात टीजीए म्हणजे थांबा नाही, ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल. तक्ता बदलला आणि सगळे स्टॉप गायब. हे मी आधी सांगून ठेवलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि विसरले असते, आता आयुष्यात विसरणार नाहीत.

मग प्रत्येक क्रोमॅटोग्राम, म्हणजे एकेका बेसचं एकेक शिखर दाखवणारा आलेख, डोळ्यांनी बघितला. सुरुवातीचे आणि शेवटचे बेस कायम गिचमिड असतात, ते कापायचे, मधला 500 च्या वर स्वच्छ राहिला तर घ्यायचा. सॉफ्टवेअरनं दिलेली अक्षरं तशीच उचलून ब्लास्टमधे (साठ्यातले जुळते सिक्वेन्स शोधून देणारं साधन) टाकणं ही सगळ्यात मोठी आळशी सवय, आणि इंटरनेटवरच्या निम्म्या ट्युटोरियलमधे तेच शिकवतात. बोल्ड या बारकोडच्या साठ्यात पण टाकून बघितलं, जेनबँक या सगळ्या सिक्वेन्सच्या साठ्यात पण. दोन्ही बघायचं कारण असं की जेनबँकमधे कोणीही नाव लिहून सिक्वेन्स टाकू शकतं आणि चुकीच्या नावानं टाकलेले तिथे पुष्कळ आहेत, बोल्डमधे निदान नमुन्याचा फोटो, ठिकाण, व्हाउचर कुठे आहे हे बघायला मिळतं, सगळ्यांचं नाही पण बऱ्याच जणांचं.

पोंग्यातल्या बारक्या जवळपास सगळ्या लष्करी निघाल्या, केसाळ पुंजक्यातून निघालेली पिल्लं पण. म्हणजे दुकानदार बरोबर. पण कणसाच्या टोकाला केसरात बसलेली अळी निघाली हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा, तीच कपाशीवरची हिरवी बोंडअळी, म्हणजे शेजारचाही अर्धा बरोबर, फक्त जागा आणि वेळ वेगळी. खोडकिडा आमच्या नमुन्यांत आलाच नाही. बांधावरच्या ज्वारीत मिथिम्ना सेपरेटा, म्हणजे आपली जुनी लष्करी अळी जी फ्रुगिपर्डा यायच्या आधीपासून इथे आहे. एका शेतात पन्नास पावलांच्या आत तीन वेगळ्या अळ्या, आणि शेतकऱ्याच्या तोंडी तिघींना एकच शब्द, "अळी पडली".

सापळ्यातल्या पतंगांत एक मजा झाली. ल्युअर, म्हणजे वासाचं आमिष, फ्रुगिपर्डाचा, आणि आत आलेल्यांतला एक पतंग पोरांनी लष्करी म्हणूनच मोजला होता, पंख घासून उडालेले, रंग राखाडी-तपकिरी, कोणालाही फसवेल. सिक्वेन्स टाकला तर वरच्या ओळींत दोन नावं, काही नोंदी मिथिम्ना लोरेयी आणि काही ल्युकेनिया लोरेयी, जुळणी दोन्हीकडे सारखीच. पोरं म्हणाली म्हणजे ओळख पटली नाही. पटली की, दोन्ही एकच पतंग आहे, वर्गीकरणवाल्यांनी त्याला एका जीनसमधून (जवळच्या जातींचा गट) दुसऱ्यात हलवला आणि साठ्यात दोन्ही नावं तशीच राहिली. फ्रुगिपर्डाच्या सापळ्यात हा पाहुणा आफ्रिकेतही येतो. सापळ्यात रोज किती पतंग आले यावरून फवारणी ठरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला पाहिजे, मोजताना सगळे एकाच खात्यात घातले की आकडा फुगतो.

आता जिच्यावर सगळ्यात जास्त चर्चा झाली ती गोष्ट. फ्रुगिपर्डाचे दोन प्रकार मानतात, एक मक्याकडे ओढा असलेला कॉर्न स्ट्रेन आणि दुसरा भात आणि गवतांकडे ओढा असलेला राईस स्ट्रेन. दिसायला सारखेच, पण सीओआयमधल्या काही ठरावीक जागी बेस वेगळे. आमच्या मक्यातल्या अळ्यांचे सिक्वेन्स जुळले ते राईस स्ट्रेनशी. मक्यावर राईस! ग्रुपमधली नवापूरची पोरगी लगेच म्हणाली, "सर, आमच्याकडे भात असतो, मग ही आमच्या भातावर जाणार का?" प्रश्न अतिशय रास्त, आणि नुसत्या बारकोडवर बसून उत्तर दिलं असतं तर "हो" असं दिलं असतं आणि तिच्या घरी विनाकारण घाबरगुंडी.

घोळ असा आहे की मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतो. सीओआय वाचला म्हणजे आईच्या आईच्या आईची गोष्ट वाचली, बापाची नाहीच. भारतातल्या आणि आफ्रिकेतल्या फ्रुगिपर्डावर जी कामं झालीत त्यात हेच दिसलं आहे, सीओआय म्हणतो राईस आणि टीपीआय नावाचा दुसरा जीन, जो झेड क्रोमोसोमवर (लिंग ठरवणारं गुणसूत्र, बापाकडूनही येणारं) बसतो, तो म्हणतो कॉर्न. म्हणजे दोघांच्या संकरातून आलेली प्रजा इकडे पसरली, आईकडचा शिक्का भाताचा राहिला आणि खाणं मात्र मक्याचं. त्यामुळे इकडच्या अळीचा स्ट्रेन सीओआयवरून ठरवायला गेलं की फसगत. जातीचं नाव काढायला सीओआय भक्कम, जातीच्या आतली भानगड सोडवायला अपुरा, हे पुस्तकात एका ओळीत असतं पण त्या पोरीच्या प्रश्नामुळे ते सगळ्यांच्या डोक्यात बसलं. तिला सांगितलं की भातावर लक्ष ठेव जसं एरवी ठेवशील, पण या निकालावरून काही वेगळं करायची गरज नाही.

आणि मग ती एक ट्यूब. बारकी अळी, पोंग्यातलीच, सिक्वेन्स एकदम स्वच्छ, एकही गिचमिड नाही, आणि जुळला कॅम्पोलेटिस क्लोरिडी नावाच्या गांधीलमाशीशी. पतंगवर्गातच नाही, भलत्याच गणातला कीटक. पहिला संशय ट्यूबची अदलाबदल. पण लॅबमधे गांधीलमाशी कोणी आणलीच नव्हती तर अदलाबदल कशाशी होणार? अजून एका नमुन्यात प्रत्येक जागी दोनदोन शिखरं एकमेकांवर चढलेली, ती पोरांनी "फेल" म्हणून बाजूला ठेवली होती. तेव्हा वही काढली. दोन्ही अळ्यांपुढे लिहिलेलं, "सुस्त, बाकीच्यांपेक्षा बारीक, पिवळट, हात लावला तरी पळाली नाही." म्हणजे वहीनं आधीच सांगितलं होतं.

कॅम्पोलेटिस ही परोपजीवी माशी. बारक्या अळीच्या अंगात एक अंडं घालते, आतून पिल्लू अळीला खात वाढतं आणि शेवटी बाहेर येऊन तिथेच पानावर कोष करतं. हेलिकोव्हर्पावर ती आपल्याकडे पूर्वीपासून माहीत आहे, फ्रुगिपर्डा आल्यावर तिलाही धरायला लागली. आमची अळी ट्यूबमधे गेली तेव्हा तिच्या आत पाहुणा होता, आणि अख्खी अळी वाटल्यामुळे प्रायमरला ज्याचा डीएनए जास्त सोपा सापडला तोच वाढला. दोन शिखरं चढलेल्या नमुन्याचं डोकं नशिबानं शिल्लक होतं, त्यातून परत डीएनए काढला तर निघाली फ्रुगिपर्डा, साधीसरळ. म्हणजे एकच अळी, पोट एक नाव सांगतं आणि डोकं दुसरं, आणि दोन्ही खरी.

माझ्या मते अख्ख्या प्रोजेक्टमधला कामाचा निकाल हाच होता, बाकी सगळ्यांनी फक्त दुकानदाराच्या अंदाजावर सही केली. पोरं परत शेतात गेली, या वेळी अळ्या नाही तर कोष शोधायला. पानाच्या खाली तांदळाच्या दाण्याएवढा मळकट पांढरा कोष, त्यावर काळसर डाग, आणि शेजारी अळीचं वाळलेलं कातडं चिकटलेलं. एकदा डोळा बसला की मग दिसायलाच लागले. नानांना दाखवले. ते म्हणाले, "हाई तं मी रोज देखस, माले वाटे अळीनं अंडं शे." ते लष्करीचं अंडं समजून इतकी वर्षं पान खुडून चुरगाळून टाकत होते की काय कोण जाणे.

मग फवारणीचा निर्णय. मका एव्हाना तुऱ्यावर आला होता आणि कणसातली हेलिकोव्हर्पा केसराच्या आत, तिथे वरून मारून हाती काही लागत नाही, दुकानदार जे देत होता ते नानांनी नाही घेतलं. मागासच्या पेरणीचा एक तुकडा अजून लहान होता, तिथे रोज सकाळी फेरी मारून केसाळ पुंजके हातानं चिरडायचे, कोष दिसले तर ते पान तसंच सोडायचं, आणि शंभरातली पाचदहा झाडं लागली की मगच औषध, तेही पोंग्यात जाईल असं नोझल धरून, असं ठरलं. एक रागाची गोष्ट लिहून टाकतो, त्याच आठवड्यात गावात कुणीतरी "डीएनए टेस्टनं सिद्ध झालेली अळी" म्हणून तीनचार औषधं एकत्र मिसळून द्यायला सुरुवात केली होती. आमच्या पोरांच्या जेलचा फोटो फिरत होता, खाली डोस लिहून. नानांनीच दुकानात जाऊन तो काढायला लावला.

सिक्वेन्स बोल्डवर चढवायचं काम चालू आहे, दोन्ही बाजूंचे क्रोमॅटोग्राम, फोटो, ठिकाण, व्हाउचर नंबर सकट, कॅम्पोलेटिसवाला "अळीतून मिळालेला" असं स्पष्ट लिहून, नाहीतर उद्या दुसऱ्या कॉलेजची पोरं त्यावरच फसायची. नवापूरच्या पोरीनं टीपीआयचे प्रायमर मागवायला लावलेत आणि रब्बीच्या मक्याचे नमुने ती घरून आणणार आहे. दुसऱ्या ग्रुपला कपाशीवरची पांढरी माशी हवी आहे. ते जास्त अवघड, बेमिसिया टॅबॅसी या एका नावाखाली दिसायला हुबेहूब सारख्या अनेक जाती दडल्यात, सीओआयमधे साडेतीन टक्क्यांच्या वर फरक म्हणजे वेगळी जात असं तिथे धरतात, आणि माशी एवढी बारकी की डीएनए काढताना अख्खी संपते, व्हाउचर उरत नाही. तिला न वाटता नुसती द्रावणात भिजवून डीएनए काढायचा आणि कवच तसंच ठेवायचं अशी पद्धत आहे, ती आधी नानांच्या मक्यावरच्या माव्यावर करून बघणार आहोत, मावा फुकट आणि भरपूर आहे.